१४७२ बाइटांची चाचणी

मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हर रूममध्ये एक तक्रार वर्षानुवर्षं त्याच शब्दांत येते. दूरच्या शाखेतल्या सर्व्हरवर लॉगिन होतं, पासवर्ड स्वीकारला जातो, छोट्या कमांड चटकन चालतात. मग कुणीतरी हजारभर फायली असलेल्या फोल्डरची यादी मागवतं आणि स्क्रीन जागच्या जागी थिजते. डेटाबेसमधून एका ग्राहकाची नोंद लगेच येते, महिन्याचा रिपोर्ट मात्र अर्ध्यावर अडकतो. नेटवर्क टीमला फोन गेला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला: "पिंग मारून बघितला का?" बघितलेला असतो. पिंग व्यवस्थित येत असतो, एकही पॅकेट गळालेलं नसतं. "म्हणजे नेटवर्क ठीक आहे," असा निकाल लागतो आणि तक्रार सर्व्हरवाल्यांकडून ॲप्लिकेशनवाल्यांकडे, तिथून पुन्हा नेटवर्ककडे फिरत राहते.

या फेऱ्यात खोटं कुणीच बोलत नाही. पिंगनं दिलेलं उत्तरही खरंच असतं, पण प्रश्न फार लहान विचारलेला असतो. लिनक्सचा पिंग वेगळा आकार सांगितल्याशिवाय फक्त ५६ बाइटांचा मजकूर पाठवतो आणि सगळी हेडरं धरून ते पॅकेट ८४ बाइटांचं होतं. विंडोजचा पिंग तर ३२ बाइटांवरच थांबतो. एवढंसं पॅकेट कुठूनही निसटून जातं. त्याच्या येण्याजाण्यातून रस्ता आहे एवढं समजतं. त्या रस्त्यावरून पूर्ण आकाराचं पॅकेट जाईल का, हे विचारण्यासाठी पिंगमध्येच वेगळे पर्याय आहेत. या प्रकरणाचा विषय तेच पर्याय आणि त्यांच्यामागचं नेटवर्कचं वागणं आहे.

पिंगचा जन्म

पिंग लिहिला माइक मूस या अमेरिकन प्रोग्रॅमरनं, डिसेंबर १९८३ मध्ये. तो मेरीलँड राज्यातल्या ॲबरडीन इथं अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करत होता. त्याच वर्षी जुलैमध्ये नॉर्वेत झालेल्या एका बैठकीत संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी आयसीएमपी या प्रोटोकॉलचे 'एको' संदेश वापरून नेटवर्कवरचा वेळ मोजण्याच्या कामाबद्दल सांगितलं होतं. लॅबच्या नेटवर्कमध्ये काहीतरी विचित्र घडायला लागलं तेव्हा मूसला ते आठवलं. पाणबुडीचा सोनार आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखतो. मूसनं तेच तत्त्व घेतलं आणि सोनारच्या आवाजावरूनच प्रोग्रॅमला नाव दिलं. सगळं जमून येईपर्यंत नेटवर्कमधला तो मूळचा दोष सापडून दुरुस्तही झालेला होता. ज्या बिघाडासाठी पिंग लिहिला, त्याच्यावर तो वापरायची वेळच आली नाही. पण लवकरच तो बर्कली युनिक्सबरोबर सगळीकडे पोचला.

पिंग ज्या आयसीएमपीवर उभा आहे त्याची व्याख्या सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या आरएफसी ७९२ या दस्तऐवजात आहे. आयसीएमपी हा नेटवर्कचा निरोप्या आहे. 'एको' आणि त्याचं उत्तर हे त्याचे दोन निरोप सगळ्यांना ठाऊक असतात. मोठ्या पॅकेटांच्या दृष्टीनं महत्त्वाचा निरोप वेगळाच आहे: प्रकार ३, कोड ४. 'हे पॅकेट पुढच्या वाटेवर मावत नाही आणि त्याचे तुकडे करायला तुम्ही मनाई केली आहे', असा त्याचा अर्थ.

पंधराशेची मर्यादा

डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० साली इथरनेटचा तपशील प्रसिद्ध केला. त्यात एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त १५०० बाइट मावतील असं ठरलं. त्या काळात मेमरी महाग होती, आणि सगळी यंत्रं एकाच तारेवर बोलत असल्यामुळे एकानं फार लांब फ्रेम पाठवली की बाकीच्यांना ताटकळावं लागे. आज प्रत्येक सर्व्हरची स्विचला स्वतंत्र जोडणी असते, वेग हजारो पटींनी वाढला, तरी ती मर्यादा बहुतेक ठिकाणी तशीच आहे. एखाद्या जोडणीवरून एका वेळी जाऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटच्या आकाराला एमटीयू म्हणतात.

१४७२ हा आकडा इथूनच येतो. १५०० मधून आयपी हेडरचे २० बाइट वजा करा, आयसीएमपी हेडरचे ८ वजा करा, उरतात १४७२. पिंगला आकार सांगताना आपण फक्त आतल्या मजकुराचा आकार सांगतो, म्हणून १४७२ बाइटांचा पिंग म्हणजे तारेवर बरोबर १५०० बाइटांचं आयपी पॅकेट. १४७३ सांगितलं की मर्यादा ओलांडली.

मर्यादा ओलांडली तर काय करायचं, हे आयपीच्या मूळ तपशिलातच, म्हणजे १९८१ च्या आरएफसी ७९१ मध्ये लिहिलेलं आहे. पॅकेटचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यावर मूळ पॅकेटचा १६ बिटांचा ओळखक्रमांक असतो, आणि मूळ पॅकेटमध्ये या तुकड्याची जागा कुठली, हे आठ-आठ बाइटांच्या मापात लिहिलेलं असतं. 'अजून तुकडे आहेत' असं सांगणारा एक बिट असतो. 'तुकडे करू नका' असं सांगणारा दुसरा बिट असतो, त्याला डीएफ म्हणतात.

प्रत्यक्ष आकडे पाहिले की हे स्पष्ट होतं. ३००० बाइटांचा पिंग पाठवला, तर आयसीएमपी हेडरसह तो ३००८ बाइटांचा होतो. १५०० च्या जोडणीवर त्याचे तीन तुकडे पडतात: १४८०, १४८० आणि शेवटचा ४८ बाइटांचा. आठच्या मापात त्यांच्या जागा ०, १८५ आणि ३७०. टीसीपीडम्प हे पॅकेट टिपणारं साधन चालू ठेवून असा एक पिंग मारला, तर तिन्ही तुकडे एकाच ओळखक्रमांकासह एकामागोमाग जाताना दिसतात. पहिल्या दोघांवर 'अजून आहेत'ची खूण असते, तिसऱ्यावर नसते.

पूर्वी कुर्डुवाडीला रुंद गेजच्या वाघिणीतला माल उतरवून बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद गेजच्या छोट्या डब्यांत भरावा लागे. राउटरचं कामही तसंच. फरक एवढाच, की पुढं पुन्हा रुंद रूळ लागला तरी आयपीचे तुकडे वाटेत कुणी जोडत नाही. जोडणी थेट मुक्कामाच्या सर्व्हरवर होते, आणि एक तुकडा जरी पोचला नाही तरी बाकीचे सगळे टाकून दिले जातात.

तुकड्यांचा जाच

ख्रिस्तोफर केंट आणि जेफ्री मोगल यांनी १९८७ मध्ये एक शोधनिबंध लिहिला, त्याचं शीर्षकच 'फ्रॅगमेंटेशन कन्सिडर्ड हार्मफुल' असं होतं. त्यांचा मुख्य आक्षेप हरवण्याच्या हिशेबावर होता. त्या काळी नेटवर्कवरून फायली वाटून घेण्याची एनएफएस ही पद्धत यूडीपी या प्रोटोकॉलवर चालायची आणि ८ किलोबाइटचे ब्लॉक पाठवायची. इथरनेटवर अशा एका ब्लॉकचे सहा तुकडे होतात. शंभरात एक तुकडा गळत असेल, तर शंभरातले जवळजवळ सहा ब्लॉक निकामी होतात आणि ते पूर्णच्या पूर्ण पुन्हा पाठवावे लागतात. आधीच गर्दी असलेली वाट त्यामुळे आणखी तुंबते.

पुढं वेग वाढला तसा याहून गंभीर धोका दिसला. १६ बिटांचा ओळखक्रमांक म्हणजे ६५,५३६ शक्यता. गिगाबिट वेगानं ८ किलोबाइटचे ब्लॉक सलग पाठवले, तर हे सगळे क्रमांक साडेचार सेकंदांच्या आसपास संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. लिनक्स सर्व्हर मात्र अर्धवट जमलेले तुकडे ३० सेकंद सांभाळून ठेवतो. म्हणजे एका जुन्या, अपुऱ्या पॅकेटला त्याच क्रमांकाच्या नव्या पॅकेटचा तुकडा चिकटू शकतो. यूडीपीचा १६ बिटांचा चेकसम, म्हणजे मजकूर तपासण्याचा आकडा, अशी प्रत्येक चुकीची जोडणी पकडेलच असं नाही. आरएफसी ४९६३ नं २००७ मध्ये हा धोका आकडेवारीनिशी मांडला, आणि लिनक्सच्या एनएफएस मॅन्युअलमध्येही वेगवान नेटवर्कवर यूडीपी वापरल्यास डेटा नकळत बिघडू शकतो, असा इशारा आहे. फाइल कॉपी झाली, कुठलाही एरर आला नाही, आणि आतला मजकूर चुकीचा, ही अवस्था सर्व्हर सांभाळणाऱ्यासाठी सर्वांत वाईट.

निरोप अडवला की काय होतं

तुकडे टाळायचे तर वाटेतली सर्वांत अरुंद जागा आधीच माहीत हवी. मोगल आणि स्टीव्ह डीअरिंग यांनी नोव्हेंबर १९९० मध्ये आरएफसी ११९१ मध्ये त्याची रीत सांगितली. प्रत्येक पॅकेटवर डीएफ लावून पाठवायचं. ज्या राउटरला ते मावत नाही, तो पॅकेट टाकून देईल आणि प्रकार ३, कोड ४ चा निरोप पाठवेल. त्या निरोपात पुढच्या जोडणीचा एमटीयू लिहिलेला असेल. पाठवणारा तेवढ्या आकाराची पॅकेटं बनवेल. ही रीत चांगली आहे, फक्त ती सर्वस्वी निरोप पोचण्यावर अवलंबून आहे.

आणि निरोप पोचणं बंद झालं. १९९६ मध्ये 'पिंग ऑफ डेथ' गाजला. आयपी पॅकेट ६५,५३५ बाइटांपेक्षा मोठं असू शकत नाही; पण त्या वेळच्या विंडोजमध्ये ६५,५१० बाइटांचा पिंग मारता यायचा. त्यात २८ मिळवले की ६५,५३८, म्हणजे तीन बाइट जादा. हे पॅकेट तुकड्यांनी जायचं, आणि मुक्कामाला जोडताना अनेक प्रणालींची मेमरीतली जागा उतू जाऊन यंत्र कोसळायचं. कंपन्यांनी दुरुस्त्या काढल्या, पण भीती राहिली. अनेक फायरवॉलवर 'आयसीएमपी सरसकट बंद' असा नियम बसला. पिंगबरोबर कोड ४ चा निरोपही त्यात अडकला.

सुरुवातीच्या तक्रारीचं मूळ नेमकं इथं आहे. दोन सर्व्हर बोलायला लागतात तेव्हा टीसीपी दोघांना आपापली मर्यादा विचारतं. दोघंही इथरनेटवर, म्हणून दोघंही १४६० बाइट सांगतात. मधल्या व्हीपीएन टनेलची जागा त्याहून कमी आहे, हे दोघांनाही ठाऊक नसतं. लॉगिनची पॅकेटं छोटी, ती जातात. लांबलचक यादी पूर्ण आकाराच्या पॅकेटांत भरून निघते, टनेलच्या तोंडाशी टाकली जाते, राउटरचा निरोप फायरवॉलवर अडतो, आणि सर्व्हर तेच पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत राहतो. याला 'ब्लॅक होल' म्हणतात.

तीन प्रकारची उत्तरं

वाटेतली अशी अरुंद जागा शोधायला पिंगला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: आकार आणि तुकड्यांना मनाई. लिनक्सवर 'एस' या पर्यायापुढे १४७२ आणि कॅपिटल 'एम' या पर्यायापुढे 'डू' लिहायचं. विंडोजवर 'एल'पुढे आकार आणि मनाईसाठी 'एफ'. मॅक आणि फ्रीबीएसडीवर आकारासाठी 'एस' आणि मनाईसाठी कॅपिटल 'डी'.

उत्तर तीनपैकी एका प्रकारचं येतं, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा.

पहिलं, आपलाच सर्व्हर नकार देतो. लिनक्सवर 'लोकल एरर' म्हणून ओळ येते, संदेश फार लांब आहे असं ती सांगते आणि शेवटी एमटीयूचा आकडा देते. पॅकेट तारेवर गेलेलंच नसतं. आपल्याच नेटवर्क कार्डाची मर्यादा लागलेली असते.

दुसरं, वाटेतल्या राउटरकडून निरोप येतो. त्यात त्या राउटरचा पत्ता असतो आणि कंसात आकडा, समजा १४००. हे उत्तर मिळालं तर काम जवळपास झालंच: जागा कळली, माप कळलं, आणि निरोपांची वाट मोकळी आहे हेही कळलं. इथं एक बारकावा नवख्यांना गोंधळात टाकतो. पहिल्या पिंगला राउटरचं उत्तर येतं, पण दुसऱ्यापासून 'लोकल एरर' दिसायला लागतो. दोष हलला, असं वाटतं. खरं तर लिनक्सनं त्या वाटेचा १४०० हा आकडा लक्षात ठेवलेला असतो आणि दहा मिनिटं तो स्वतःच मोठी पॅकेटं अडवतो. दुरुस्ती करून लगेच पुन्हा चाचणी घ्यायची असेल, तर आधी ही साठवलेली नोंद पुसावी लागते, नाहीतर दुरुस्त झालेली वाटही बिघडलेलीच दिसते.

तिसरं उत्तर म्हणजे शांतता. छोटा पिंग येतो, मोठा जातो आणि काहीच परत येत नाही. हाच ब्लॅक होल. मग आकार कमी-जास्त करत सीमा गाठायची: १४७२ गेला नाही, १३७२ गेला, आता १४२२ बघायचा, असं अर्ध्या-अर्ध्यानं. १४१० जातो आणि १४११ जात नाही असं ठरलं की त्यात २८ मिळवायचे. वाटेचा एमटीयू १४३८. सीमा अशी एका बाइटावर स्पष्ट मिळाली, तर तो आकाराचाच दोष. कधी पोचतं, कधी नाही, असं होत असेल तर कारण गर्दी किंवा खराब तार असू शकतं, नाहीतर कुठल्यातरी यंत्रानं आयसीएमपीला घातलेली गतिमर्यादा.

मिळालेला आकडा बऱ्याचदा गुन्हेगाराचं नावच सांगतो. १४६४ पर्यंत जात असेल, तर वाटेत पीपीपीओई आहे. बीएसएनएलसकट अनेक कंपन्यांचं टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड या पद्धतीनं चालायचं, आणि ती ८ बाइट खाते. १४४८ मिळालं, तर २४ बाइटांचा जीआरई टनेल. आयपीसेक व्हीपीएनचा आकडा ठरलेला नसतो. तो गुप्तलिपीच्या निवडीनुसार बदलतो, म्हणून मोजूनच बघावा लागतो.

शांततेचा अर्थ लावताना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. पिंगचं उत्तर प्रश्नाएवढंच मोठं असतं, आणि त्याला परतीची वाट वेगळी असू शकते. प्रश्न पोचला आणि उत्तर अडलं, तरी इकडं दिसते ती शांतताच. पलीकडच्या सर्व्हरवर टीसीपीडम्प चालू ठेवला की कोडं सुटतं: विनंती आलेली दिसली, तर बिघाड परतीच्या वाटेवर आहे.

नऊ हजारांचं जग

डेटा सेंटरच्या आत मात्र पंधराशेची मर्यादा अनेकदा मोडली जाते. स्टोरेज, बॅकअप आणि व्हर्च्युअल मशिनांची हलवाहलव यांसाठी ९००० बाइटांच्या 'जंबो फ्रेम' वापरतात. त्यात एनएफएसचा ८ किलोबाइटचा ब्लॉक हेडरांसकट एकसंध मावतो आणि प्रोसेसरवरचं प्रत्येक पॅकेटमागचं काम घटतं. इथं चाचणीचा आकडा ८९७२. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय सर्व्हरवर त्यासाठी 'व्हीएमकेपिंग' नावाची वेगळी कमांड आहे, आणि तिच्यात तुकड्यांच्या मनाईसाठी 'डी' लावतात.

हा 'डी' विसरला की चाचणी फसवते. समजा दोन्ही टोकांच्या सर्व्हरच्या पोर्टवर चुकून १५०० च राहिलं. मनाई न करता ८९७२ बाइटांचा पिंग मारला, तर सर्व्हर स्वतःच त्याचे सात तुकडे करतो, सहा १४८० बाइटांचे आणि सातवा अवघ्या १०० बाइटांचा. पलीकडे ते जुळतात, उत्तर येतं आणि जंबो फ्रेम चालू झाल्या अशी नोंद होते. प्रत्यक्षात एकही मोठी फ्रेम तारेवरून गेलेली नसते.

मधला स्विच चुकीचा असेल, तर उलट त्रास. स्विच राउटरसारखे तुकडे करत नाही आणि निरोपही पाठवत नाही. मापाबाहेरची फ्रेम तो निमूटपणे टाकतो. पोर्टच्या आकडेवारीत 'जायंट्स' या नावाखालचा आकडा तेवढा वाढत जातो. म्हणून नेटवर्क कार्ड, व्हर्च्युअल स्विच, खरा स्विच आणि पलीकडचं स्टोरेज या सगळ्यांवर मोठा आकार लावावा लागतो. क्लाउडमध्येही मापं वेगवेगळी आहेत: ॲमेझॉनच्या खासगी नेटवर्कमध्ये ९००१ पर्यंत चालतं, पण इंटरनेट गेटवेतून बाहेर पडताना १५०० च, गुगल क्लाउडवर नवं नेटवर्क बनवताना काही न सांगितल्यास १४६० मिळतं.

दुरुस्ती आणि नोंद

दोष सापडल्यावर करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. फायरवॉलवर प्रकार ३, कोड ४ ला परवानगी द्यायची. टनेलच्या तोंडाशी असलेल्या राउटरवर टीसीपीची मर्यादा खाली आणायची, म्हणजे दोन्ही सर्व्हर पहिल्या नमस्कारातच लहान आकारावर एकमत करतात. लिनक्सवर टीसीपीलाच निरोपाविना आकार चाचपायला सांगता येतं. त्याची रीत २००७ च्या आरएफसी ४८२१ मध्ये आहे.

आयपीव्ही६ मध्ये तर राउटरांना तुकडे करायची मुभाच नाही. प्रत्येक जोडणीनं किमान १२८० बाइट वाहून नेले पाहिजेत, आणि न मावल्यास 'पॅकेट टू बिग' हा निरोप हाच एकमेव मार्ग. तिथं हेडर ४० बाइटांचं असल्यानं पिंगचा आकडा १४५२ होतो. इतर प्रोटोकॉलांनीही धडा घेतला आहे. २०२० मध्ये डीएनएस चालवणाऱ्यांनी यूडीपी उत्तराची मर्यादा १२३२ बाइटांवर आणण्याची मोहीम केली. १२८० मधून ४० आणि ८ वजा केले की हाच आकडा येतो. २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक हा नवा प्रोटोकॉल सुरुवातीचं पॅकेट मुद्दाम किमान १२०० बाइटांचं करून पाठवतो आणि तुकडे होऊच देत नाही. एवढीही वाट रुंद नसेल, तर संभाषणाच्या पहिल्याच क्षणी ते कळतं.

नेटवर्कमध्ये बदल करण्याच्या रात्री अनुभवी इंजिनिअर काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर चार पिंग मारतात, दोन्ही टोकांकडून: नेहमीचा छोटा, मनाईसह १४७२, जंबो असेल तिथं मनाईसह ८९७२, आणि मनाईशिवाय ३०००, म्हणजे तुकडे फायरवॉलमधून जातात का तेही समजतं. चारही निकाल तारखेसह बदलाच्या नोंदीत जातात. दोन महिन्यांनी शाखेतून स्क्रीन थिजल्याचा फोन आला, तर १४७२ कुठल्या तारखेपर्यंत जात होता आणि त्यानंतर कोणती लिंक बदलली, हे शोधायला ती नोंद पुरते.